१९७२ ला सोव्हिएत चॅम्पियन, २०१४ पासून बेघर : झोर्या लुहान्स्क क्लबची गोष्ट

२९ सप्टेंबर २०१६. मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान. युरोपा लीगचा सामना. एका बाजूला रूनी, पोग्बा, इब्राहिमोविच असा मँचेस्टर युनायटेडचा ताफा आणि दुसऱ्या बाजूला झोर्या लुहान्स्क नावाचा युक्रेनचा क्लब. हे नाव तिथल्या बहुतेक प्रेक्षकांनी पहिल्यांदाच ऐकलं असणार. युनायटेडला गोल करायला ६९ व्या मिनिटापर्यंत थांबावं लागलं. तो गोल इब्राहिमोविचने केला आणि सामना १–० असा संपला.

स्कोअर तसा साधाच. पण स्कोअरबोर्डवर ज्या शहराचं नाव झळकत होतं, त्या शहरात या क्लबला पाऊल ठेवून दोन वर्षं उलटून गेली होती. परतीचा सामना झोर्याच्या ‘घरी’ होता, आणि ते घर होतं ओडेसात. म्हणजे लुहान्स्कपासून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, काळ्या समुद्राच्या काठावर.

आजही हा क्लब लुहान्स्कचं नाव लावूनच खेळतो आणि आजही तो लुहान्स्कमध्ये खेळू शकत नाही.

हे लुहान्स्क आहे तरी कुठे ?

युक्रेनच्या नकाशात अगदी पूर्वेकडे, रशियाच्या सीमेला खेटून लुहान्स्क आहे. हा सगळा डोनबास, म्हणजे कोळशाच्या खाणींचा पट्टा. शहराची सुरुवातच एका कारखान्यातून झाली. १७९५ मध्ये रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या हुकमावरून चार्ल्स गॅस्कॉइन या स्कॉटिश इंजिनियरने इथे लोखंड ओतायचा कारखाना काढला. नंतर १८९६ मध्ये गुस्ताव हार्टमान या जर्मन उद्योगपतीने रेल्वेची इंजिनं बनवायचा कारखाना उभा केला. इंजिनं, कोळसा, लोखंड आणि त्यावर जगणारी कामगार वस्ती, असं हे शहर.

या इंजिनच्या कारखान्यात क्लिमेंट वोरोशिलोव्ह नावाचा एक तरुण कामगार होता. पुढे तो स्टालिनच्या खास वर्तुळातला मार्शल झाला आणि १९३५ मध्ये शहराचं नाव त्याच्यावरून वोरोशिलोव्हग्राड ठेवलं गेलं. १९५८ मध्ये ते पुन्हा लुहान्स्क झालं. वोरोशिलोव्ह वारल्यावर १९७० मध्ये परत वोरोशिलोव्हग्राड. १९९० मध्ये परत लुहान्स्क. नावांचा हा खेळ लक्षात ठेवा, कारण क्लबचा सगळ्यात मोठा विजय लुहान्स्क नावाखाली नोंदलेलाच नाही, तो वोरोशिलोव्हग्राडच्या नावावर आहे.

क्लब आपला जन्म १९२३ चा सांगतो. पुढची चाळीस वर्षं त्याचीही नावं बदलत राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘त्रुदोवी रेझर्वी’, म्हणजे कामगार प्रशिक्षण शाळांच्या क्रीडा संघटनेचा संघ, अशी त्याची ओळख होती. १९६४ मध्ये त्याला ‘झोर्या’ हे नाव मिळालं. युक्रेनियनमध्ये या शब्दाचा अर्थ तारा किंवा पहाट. रशियनमध्ये तोच शब्द ‘झार्या’ होतो आणि त्याचा अर्थ पहाट. जर्सी काळी-पांढरी. टोपणनाव ‘मुझिकी’, म्हणजे आपल्या भाषेत रांगडे गडी. खाणवाल्यांच्या आणि इंजिनवाल्यांच्या गावाला हे नाव शोभतं.

जिल्ह्याच्या गावाने राजधान्यांना हरवलं, ते वर्ष

सोव्हिएत युनियनमध्ये फुटबॉल हा राजधान्यांचा कारभार होता. १९३६ मध्ये लीग सुरू झाली आणि पहिली २५ वर्षं विजेतेपद मॉस्कोच्या बाहेर गेलंच नाही. १९६१ मध्ये डायनामो कीव्हने ते युक्रेनच्या राजधानीत नेलं, १९६४ मध्ये डिनामो तिबिलिसीने जॉर्जियाच्या राजधानीत. बाकी शहरांनी यायचं, खेळायचं, चांगला खेळाडू तयार करायचा आणि राजधानीतल्या बड्या क्लबने बोलावलं की त्याला निरोप द्यायचा. लष्कराचा संघ, पोलीस खात्याचा संघ यांच्यापुढे खाणीच्या गावाचं काय चालणार ?

झोर्याने १९६६ मध्ये खालची श्रेणी जिंकली आणि १९६७ पासून सर्वोच्च लीगमध्ये पाय ठेवला. सुरुवातीला तळाशीच धडपड चालू होती. मग दोन माणसं एकत्र आली.

पहिला व्होलोदिमिर शेवचेन्को. हा काही फुटबॉलपटू नव्हता, वोरोशिलोव्हग्राड प्रांताच्या कम्युनिस्ट पक्षाचा पहिला सचिव होता. सोव्हिएत व्यवस्थेत हे पद म्हणजे त्या प्रांताचा सर्वेसर्वा. फ्लॅट कोणाला मिळणार, गाडी कोणाला मिळणार, कारखान्याचा पैसा कुठे जाणार, हे त्याच्या एका फोनवर ठरायचं. आणि या साहेबांना फुटबॉलचं वेड होतं. कागदोपत्री सोव्हिएत खेळाडू हौशी असायचे. ते कुठल्या तरी कारखान्याचे किंवा खात्याचे नोकर म्हणून पगार घ्यायचे आणि प्रत्यक्षात फक्त फुटबॉल खेळायचे. त्यामुळे प्रांताचा प्रमुख पाठीशी असणं ही क्लबची खरी तिजोरी होती.

दुसरा हेर्मन झोनिन. मूळचा कझानचा, लेनिनग्राडच्या मैदानांवर खेळलेला प्रशिक्षक. मोठी नावं मिळणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने भर दिला तो दमावर. त्याचा शारीरिक तयारीचा कार्यक्रम इतका कडक होता की समोरच्या संघाचे पाय शेवटच्या वीस मिनिटांत जड व्हायचे आणि झोर्याचे गडी तेव्हाही पळत असायचे. संघात काही स्थानिक पोरं, काही इतर क्लबांनी बाजूला सारलेली. त्यात कीव्हहून आलेला स्ट्रायकर व्होलोदिमिर ओनिश्चेन्को, मधल्या फळीत अनातोली कुक्सोव्ह आणि व्याचेस्लाव्ह सेम्योनोव्ह.

१९७२ च्या हंगामात १६ संघ होते आणि प्रत्येकाला ३० सामने. तेव्हा विजयाला दोन गुण मिळायचे. झोर्याने १५ सामने जिंकले, १० बरोबरीत सोडवले, फक्त ५ हरले. एकूण ४० गुण. दुसऱ्या क्रमांकावरच्या डायनामो कीव्हचे ३५. लीग संपली तेव्हा अंतर पाच गुणांचं होतं. नशिबाने लागलेली लॉटरी म्हणायला हे अंतर जरा जास्तच आहे.

कोणत्याही प्रजासत्ताकाची राजधानी नसलेल्या शहराचा क्लब सोव्हिएत चॅम्पियन होण्याची ही पहिली वेळ होती. लेनिनग्राडसारख्या महानगराच्या झेनितलाही हे जमायला १९८४ उजाडलं.

त्याच उन्हाळ्यात म्युनिकचं ऑलिंपिक झालं. सोव्हिएत फुटबॉल संघात झोर्याचे चौघे होते : ओनिश्चेन्को, कुक्सोव्ह, सेम्योनोव्ह आणि युरी येलिसेयेव्ह. कांस्यपदकाच्या सामन्यात पूर्व जर्मनीशी २–२ अशी बरोबरी झाली आणि पदक दोन्ही संघांना वाटून देण्यात आलं. म्हणजे एकाच वर्षात लीगचं सोनं आणि ऑलिंपिकचं कांस्य, दोन्ही एकाच खाणपट्ट्यातल्या गावात पोहोचली.

उतरण

पण जी गोष्ट एका फोनवर उभी राहते, ती एका फोनवर बसतेही.

विजेतेपदानंतर झोनिन क्लब सोडून लेनिनग्राडला झेनितकडे गेला. १९७३ मध्ये शेवचेन्कोचं पद गेलं. पक्षातल्या अंतर्गत राजकारणाचा त्यात वाटा होताच, पण त्याच्यावर ठपके ठेवताना फुटबॉलवरची उधळपट्टीही मोजली गेली असं सांगितलं जातं. छत्र गेल्यावर खेळाडूही पांगले. ओनिश्चेन्को कीव्हला परतला आणि १९७५ च्या कप विनर्स कप फायनलमध्ये फेरेन्सवारोशविरुद्ध त्याने दोन गोल केले. डायनामोने तो सामना ३–० ने जिंकला. युरोपियन चषक जिंकणारा तो पहिला सोव्हिएत क्लब. त्या चषकात झोर्याच्या कारखान्याचा थोडा माल होता, असं लुहान्स्कवाले म्हणत असतील तर ते चूक नाही.

स्वतः झोर्याची युरोपवारी छोटीच ठरली. १९७३-७४ च्या युरोपियन कपमध्ये त्यांनी सायप्रसच्या अपोएलला हरवलं आणि पुढच्या फेरीत चेकोस्लोव्हाकियाच्या स्पार्टाक त्रनावाकडून एका गोलने बाहेर पडले. देशातल्या चषकातही तोंडचा घास दोनदा गेला. १९७४ च्या अंतिम सामन्यात डायनामो कीव्हने जादा वेळेत ३–० ने हरवलं, १९७५ मध्ये अरारात येरेवानने २–१ ने.

१९७९ मध्ये झोर्या सर्वोच्च लीगमधून खाली घसरला. सोव्हिएत युनियन असेपर्यंत तो पुन्हा वर आलाच नाही. पण पोरं घडवणं थांबलं नव्हतं. अलेक्सांद्र झावारोव्ह इथलाच. पुढे तो डायनामो कीव्हचा तारा झाला, १९८६ मध्ये सोव्हिएत युनियनचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि १९८८ मध्ये थेट युव्हेंटसला गेला. सेर्ही युरानही इथलाच. तो कीव्हमार्गे बेनफिकाला पोहोचला.

१९९१ मध्ये युक्रेन स्वतंत्र झाला. नव्या देशाच्या पहिल्या लीगमध्ये माजी सोव्हिएत विजेता म्हणून झोर्याला मानाचं स्थान होतं, पण खिशात काही नव्हतं. नव्वदच्या दशकात डोनबासचे कारखाने आणि खाणी बसल्या, कामगारांना पगार मिळेनात. तिथे फुटबॉल क्लबला कोण विचारतो ? १९९६ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत गेला, मग आणखी खाली, तिसऱ्या श्रेणीत. सोव्हिएत चॅम्पियन तालुका पातळीच्या मैदानांवर खेळू लागला. वर यायला २००६ साल लागलं.

बिऱ्हाड पाठीवर

२०११ च्या अखेरीस युरी वेर्निदुब प्रशिक्षक झाला आणि संघाला हळूहळू आकार आला. क्लबची सूत्रं येवहेन हेलेर या उद्योजक-खासदाराकडे होती. शेजारच्या श्रीमंत शाख्तार दोनेत्स्ककडून तरुण खेळाडू उसने मिळायचे. २०१३-१४ चा हंगाम चांगला गेला आणि झोर्याला युरोपा लीगच्या पात्रता फेऱ्यांचं तिकीट मिळालं. इतक्या वर्षांनी लुहान्स्कच्या अव्हांगार्ड स्टेडियममध्ये युरोपचे क्लब येणार होते.

कोणीही आलं नाही. २०१४ च्या वसंतात रशियाचा पाठिंबा असलेल्या फुटीरतावाद्यांनी लुहान्स्कच्या सरकारी इमारती ताब्यात घेतल्या आणि ‘लुहान्स्क पीपल्स रिपब्लिक’ जाहीर केलं. उन्हाळ्यात शहराभोवती लढाई पेटली. ऑगस्टमध्ये लुहान्स्कमध्ये वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं, फोन चालत नव्हते. अव्हांगार्ड स्टेडियमलाही तोफगोळ्यांचा मार बसला.

नेमक्या त्याच ऑगस्टमध्ये झोर्या युरोपा लीगच्या मुख्य फेरीच्या उंबरठ्यावर हॉलंडच्या फेयेनूर्दशी खेळत होता. पहिला सामना कीव्हमध्ये १–१. दुसरा रॉटरडॅममध्ये, तिथे झोर्या ४–३ ने हरला. खेळाडूंपैकी काहींची घरं आणि नातेवाईक त्याच अंधारातल्या शहरात होते. फोन लागत नसताना माणूस ९० मिनिटं कसा खेळतो, याचं उत्तर कुठल्याही आकडेवारीत मिळत नाही.

क्लबने बिऱ्हाड झापोरिझ्झियाला हलवलं. नीपर नदीवरचं हे औद्योगिक शहर लुहान्स्कपासून सरळ रेषेत सुमारे ३२० किलोमीटरवर आहे. तिथलं स्लावुतिच अरेना हे जेमतेम १२ हजार आसनांचं मैदान मेतालुर्ह या स्थानिक क्लबचं होतं. गंमत म्हणा की शोकांतिका, २०१५-१६ च्या हंगामात पैशांअभावी मेतालुर्हच लीगमधून बाहेर पडला आणि यजमानाच्या घरात पाहुणाच उरला.

इथे एक प्रश्न सहज पडतो. मग नाव का नाही बदललं ? झापोरिझ्झियात एवढं मोठं शहर, स्वतःचा वरच्या लीगचा क्लब नाही, ‘झोर्या झापोरिझ्झिया’ केलं असतं तर प्रेक्षक मिळाले असते, प्रायोजक मिळाले असते. हिशेबाने पाहिलं तर हाच शहाणपणा. पण युद्धाच्या काळात नाव बदलणं म्हणजे ‘आम्ही परत जाणार नाही’ असं लिहून देणं. युक्रेनच्या दृष्टीने लुहान्स्क हे युक्रेनचं शहर आहे, आणि दर आठवड्याला टीव्हीच्या पडद्यावर, गुणतक्त्यात, युरोपच्या ड्रॉमध्ये हे नाव दिसत राहतं ते या क्लबमुळे. दोनेत्स्कचं नाव शाख्तार जगभर नेतो, पण त्याच्यामागे अब्जाधीश मालक आहे. झोर्याकडे तसलं काही नाही.

आश्चर्य म्हणजे बेघर झाल्यावरच हा क्लब सर्वात चांगला खेळला. रुस्लान मालिनोव्स्की, जो पुढे इटलीत अटलांटाकडून गाजला, तो या काळात शाख्तारकडून उसना आलेला होता. लुहान्स्कचाच मिकिता कामेन्युका वर्षानुवर्षं बचावात उभा राहिला. २०१६-१७ मध्ये झोर्या लीगमध्ये तिसरा आला. नंतर २०१९-२०, २०२०-२१ आणि २०२२-२३ मध्येही तिसरा. २०१७ मध्ये ॲथलेटिक बिल्बाओला त्यांच्याच सान मामेस मैदानावर १–० ने हरवलं. ३ डिसेंबर २०२० ला इंग्लंडच्या लेस्टर सिटीला झापोरिझ्झियात १–० ने हरवलं, गोल होता अल्लाहयार सय्यदमनेश या इराणी पोराचा.

चषक मात्र अजूनही रुसलेलाच. युक्रेनियन कपच्या २०१६ च्या अंतिम सामन्यात शाख्तारकडून ०–२, २०२१ मध्ये डायनामो कीव्हकडून जादा वेळेत ०–१. सोव्हिएत काळातले दोन धरले तर चार अंतिम सामने आणि चारही पराभव.

क्लबच्या गल्ल्याचं गणितही समजून घ्यायला हवं. घरच्या मैदानाची तिकीटविक्री नाही, शहरातले दुकानदार-कारखानदार प्रायोजक नाहीत, स्वतःच्या गल्लीतून येणारी पोरं नाहीत. उरतं काय ? युरोपियन स्पर्धांचं बक्षीस आणि खेळाडू विकून येणारा पैसा. म्हणजे एखादा हंगाम वाईट गेला की दोन्ही नळ एकदम आटतात. त्यातही युरोपचे सामने कधी कीव्हला, कधी ओडेसाला, कधी ल्वीव्हला, कारण झापोरिझ्झियात ते घ्यायला बरीच वर्षं परवानगी नव्हती. २०१७ मध्ये हेर्था बर्लिनला हरवलं ते ल्वीव्हमध्ये, पोलंडच्या सीमेजवळ.

वेर्निदुबचं पुढे काय झालं ?

हा माणूस स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण थोडक्यात. २०१९ मध्ये त्याने झोर्या सोडला. पुढे तो शेरिफ तिरास्पोलचा प्रशिक्षक झाला. तिरास्पोल हे मोल्दोव्हातून फुटलेल्या ट्रान्सनिस्ट्रियाचं मुख्य शहर. म्हणजे फुटीरतावाद्यांमुळे ज्याच्या संघाचं घर गेलं, तो दुसऱ्या एका फुटीर प्रदेशातल्या क्लबमध्ये काम करत होता. त्या क्लबला घेऊन त्याने २८ सप्टेंबर २०२१ ला रेआल माद्रिदला माद्रिदमध्येच २–१ ने हरवलं. चॅम्पियन्स लीगच्या इतिहासातल्या सगळ्यात धक्कादायक निकालांत तो मोजला जातो.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर सर्वंकष हल्ला केला तेव्हा वेर्निदुब संघासोबत पोर्तुगालमध्ये ब्रागाविरुद्धच्या सामन्यासाठी गेलेला होता. सामना संपवून तो युक्रेनला परतला आणि वयाच्या ५६ व्या वर्षी सैन्यात भरती झाला. त्याच वर्षी नंतर तो क्रिव्बास क्रिव्ही रिह या क्लबचा प्रशिक्षक म्हणून मैदानात आला.

दुसऱ्यांदा विस्थापित

२०२२ च्या हल्ल्याने झोर्याचं भाड्याचं घरही गेलं. झापोरिझ्झिया शहर युक्रेनच्याच ताब्यात राहिलं, पण युद्धाची आघाडी जवळ येऊन ठेपली आणि शहरावर क्षेपणास्त्रं पडू लागली. तिथे लीगचे सामने होणं शक्यच नव्हतं. २०२१-२२ चा हंगाम अर्ध्यावर सोडून द्यावा लागला.

त्या वर्षी देशातले इतर काही क्लब गप्प झाले. चेर्निहिव्हच्या देस्नाचं स्टेडियम मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं आणि क्लबने खेळणं थांबवलं. मारियुपोलचं तर शहरच बेचिराख झालं, त्याचा संघ लीगमधून बाहेर गेला. झोर्याकडे मात्र आठ वर्षांचा अनुभव होता. सामान बांधणं, दुसऱ्याच्या मैदानावर सराव करणं, ‘होम मॅच’ला बसने निघणं, हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली. प्रेक्षक नाहीत, हल्ल्याचा भोंगा वाजला की सामना थांबवून सगळ्यांनी निवाऱ्यात जायचं, भोंगा थांबला की परत मैदानात. अशा हंगामात झोर्या तिसरा आला.

त्याच सप्टेंबरमध्ये रशियाने लुहान्स्क आणि झापोरिझ्झिया हे दोन्ही प्रांत आपल्यात सामील केल्याची एकतर्फी घोषणा केली. कागदावर का होईना, क्लबची दोन्ही घरं एकाच दिवशी परक्या देशाची ठरवली गेली.

२०२३-२४ मध्ये कॉन्फरन्स लीगच्या गटात झोर्याच्या वाट्याला बेल्जियमचा जेंट, इस्राएलचा मकाबी तेल अवीव आणि आइसलँडचा ब्रेइदाब्लिक आले. युक्रेनमध्ये युरोपियन सामने घ्यायला बंदी असल्याने झोर्याचं घरचं मैदान ठरलं पोलंडमधलं लुब्लिन. गटात संघ तिसरा राहिला.

झोनिन डिसेंबर २०२१ मध्ये ९५ व्या वर्षी वारला, हल्ल्याच्या दोन महिने आधी. १९७२ च्या त्या संघातली माणसंही एकेक करून जात आहेत. २०१४ मध्ये लुहान्स्कमध्ये सहा वर्षांचं असलेलं पोर आता मतदानाच्या वयाचं झालं आहे, आणि त्याने आपल्या शहराच्या या क्लबला आपल्या शहरात खेळताना पाहिलेलं असण्याची शक्यता फार कमी. क्लबच्या बोधचिन्हावर मात्र अजून लुहान्स्क हेच नाव आहे. गुणतक्त्यातही तेच छापलं जातं.